एका लिटर दुधामागे 72 ग्रॅम ग्लुकोज

पंचवीस लिटर दूध देणाऱ्या संकरित गाईच्या कासेला दिवसाला सुमारे 1.8 किलो ग्लुकोज लागतं. मेंदू, रक्तपेशी आणि बाकी शरीराचा खर्च धरला की आकडा सव्वादोन किलोच्या पुढे जातो. गव्हाणीत मक्याचा भरडा पडो, मुरघास पडो की उसाचं वाढं, त्यातली साखर ग्लुकोजच्या रूपात रक्तात पोचते ती फारच थोडी. जवळजवळ सगळं ग्लुकोज गाईचं यकृत बनवतं, तेही तासातासाला, कारण साठवून ठेवण्याची सोय यथातथाच आहे. यकृतात ग्लायकोजेन (ग्लुकोजचा साठा) असतो तो काही शे ग्रॅम. दुधावरच्या गाईला तो अर्धा दिवसही पुरत नाही.

व्यायल्यानंतर किटोसिस (चरबी अर्धवट जळून झालेले किटोन रक्तात साचण्याचा आजार) का होतो, गुळाचं पाणी पाजून फारसं काही का होत नाही, सकाळी सलाईन लावल्यावर तरतरीत झालेली गाय संध्याकाळी पुन्हा खुराकाकडे पाठ का फिरवते, या सगळ्याची मुळं इथेच आहेत.

माणसानं भाकरी खाल्ली की पिष्टमय पदार्थ लहान आतड्यात फुटतात, ग्लुकोज होतं आणि रक्तात जातं. गाईत त्याआधी कोटीपोट, म्हणजे पोटाच्या चार कप्प्यांतला सगळ्यात मोठा, लागतं. तिथले जिवाणू स्टार्च, साखर, तंतू जे येईल ते आंबवून स्वतःचं पोट भरतात आणि टाकाऊ म्हणून आम्लं बाहेर सोडतात. अ‍ॅसिटिक, प्रोपिओनिक आणि ब्युटिरिक ही त्यातली तीन मुख्य. ही आम्लं कोटीपोटाच्या भिंतीतून शोषली जाऊन रक्तात जातात, हे केंब्रिजमध्ये बारक्रॉफ्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1944 मध्ये दाखवलं. थोडक्यात, गाय जिवाणूंच्या उष्ट्यावर जगते.

चारा जास्त असेल तर या आम्लांचं प्रमाण ढोबळमानानं 65 ते 70 टक्के अ‍ॅसिटिक, 20 टक्के प्रोपिओनिक आणि 10 टक्के ब्युटिरिक असं असतं. धान्य वाढवलं की प्रोपिओनिक 30 टक्क्यांच्या वर जातं आणि अ‍ॅसिटिक तेवढं उतरतं. हे प्रमाण महत्त्वाचं, कारण तिघांपैकी ग्लुकोज बनतं ते फक्त प्रोपिओनिकपासून. अ‍ॅसिटिकमध्ये कर्बाचे दोन अणू असतात. त्यांचं निव्वळ ग्लुकोज करण्याची वाटच शरीरात नाही. ते कासेत जाऊन दुधातली फॅट होतं. म्हणून कडबा-कुट्टी कमी पडली की फॅट बसते आणि खुराक कमी पडला की लिटर घटतात. डेअरीवर 3.5 फॅट आणि 8.5 एसएनएफचा (फॅट सोडून उरलेल्या घन पदार्थांचा) काटा सांभाळणाऱ्याला हे अनुभवानं माहीत असतं, कारण मात्र क्वचितच कुणी सांगतं.

प्रोपिओनिक यकृतात पोचल्यावर काही टप्प्यांत सक्सिनिल-कोए होतं, पुढे ऑक्झॅलोअ‍ॅसिटेट आणि शेवटी ग्लुकोज. या वाटेवरच्या एका विकराला (एन्झाइमला) बी-12 जीवनसत्त्व लागतं. बी-12 कोटीपोटातले जिवाणू बनवतात, पण त्यांना कोबाल्ट मिळाला तरच. खनिज मिश्रणाच्या पाकिटावर कोबाल्टचा आकडा इतका छोटा असतो की कुणी वाचत नाही. कमतरता असली की गाय नुसती भूक मंदावून खंगत जाते आणि दोष जंतांना दिला जातो.

आता वजनाचा हिशोब. प्रोपिओनिकचे दोन रेणू लागतात तेव्हा ग्लुकोजचा एक होतो, म्हणजे 148 ग्रॅमचे 180 ग्रॅम. तीस लिटरच्या गाईची गरज पावणेतीन ते तीन किलो ग्लुकोज धरली आणि त्यातलं साधारण 60 टक्के प्रोपिओनिकमधून आलं, तर रोज सुमारे दीड किलो प्रोपिओनिक तयार होऊन शोषलं जायला हवं. उरलेला वाटा लॅक्टेट, अमिनो आम्लं आणि चरबी वितळताना सुटणारं ग्लिसरॉल उचलतात. अमिनो आम्लांवर भार वाढला की गाय स्वतःचे स्नायू जाळते. पुठ्ठ्यावर आणि पाठीवर ते दिसतं.

कासेत काय चालतं

दुधातली साखर म्हणजे लॅक्टोज. एक ग्लुकोज आणि एक गॅलॅक्टोज जोडून ते बनतं, पण ते गॅलॅक्टोजही कास ग्लुकोजपासूनच करते. लिटरमध्ये 48 ग्रॅमच्या आसपास लॅक्टोज असतं, त्यासाठी 50 ग्रॅम ग्लुकोज गेलं. फॅटचा ग्लिसरॉल कणा आणि पेशींचं इंधन धरून एकूण 72 ग्रॅमचा आकडा येतो.

लॅक्टोज पाणी ओढतं. पेशीत जितकं लॅक्टोज बनेल तितकं पाणी मागोमाग येतं, म्हणून दुधातलं लॅक्टोजचं प्रमाण खुराक बदलून फारसं हलत नाही, हलतात ते लिटर. फॅट तुम्ही चाऱ्यानं वर-खाली करू शकता, लॅक्टोज नाही. ते ठळकपणे घसरतं ते मुख्यतः कासदाहात, कारण तेव्हा पेशींमधले सांधे सैल होऊन लॅक्टोज रक्तात झिरपतं आणि रक्तातलं मीठ दुधात येतं. कासदाहाचं दूध खारट लागतं ते यामुळे.

एक लिटर दुधासाठी कासेतून साधारण 500 लिटर रक्त फिरतं. गाईच्या रक्तात दर 100 मिलिलिटरला 45 ते 75 मिलिग्रॅम ग्लुकोज असतं, माणसापेक्षा बरंच कमी. साठ धरलं तर 500 लिटरमध्ये 300 ग्रॅम ग्लुकोज कासेसमोरून जातं आणि कास त्यातलं 72 ग्रॅम, जवळपास चौथा हिस्सा, ओढून घेते. म्हणून तपासणीचं रक्त कधीही पोटाखालच्या दुधाच्या शिरेतून घेऊ नये. ते कासेतून गाळून आलेलं असतं, ग्लुकोज आणि किटोन दोन्ही कमी दाखवतं. शेपटीच्या मुळाशी किंवा मानेच्या शिरेतून घ्यावं. ग्लुकोजसाठी प्रयोगशाळेत पाठवायचं असेल तर राखाडी झाकणाच्या फ्लोराइड नळीत, नाहीतर वाटेत रक्तपेशीच ते खाऊन टाकतात.

साठ मिलिग्रॅमची ही पातळी राखण्याचं काम मुख्यतः इन्सुलिन आणि ग्लुकॅगॉन करतात. इन्सुलिन स्नायूंना आणि चरबीला ग्लुकोज उचलायला लावतं, ग्लुकॅगॉन यकृताला ते बनवायला लावतं. इथवर आपल्यासारखंच. फरक असा, की कासेतली ग्लुकोजची दारं इन्सुलिनवर अवलंबून नाहीत, ती कायम उघडी. व्यायल्यावर गाईचं इन्सुलिन घटतं, स्नायू आणि चरबी त्याचं ऐकेनाशी होतात, ग्रोथ हॉर्मोन चढतं आणि चरबी वितळायला लागते. माणसात याला आजार म्हटलं असतं. गाईत हीच योजना आहे, सगळं ग्लुकोज वासराच्या दुधासाठी राखून ठेवण्याची. बाउमन आणि करी या दोघांनी 1980 मध्ये या प्रकाराला ‘होमिओऱ्हेसिस’ असं नाव दिलं. शरीराचा समतोल जागेवर राखण्याऐवजी एका कामाच्या दिशेनं सगळा कारभार वळवणं, असा त्याचा अर्थ. तीन-चार लिटर देणाऱ्या खिल्लारीला ही योजना सहज पेलते, कारण तिच्या कासेची मागणी तीनशे ग्रॅमच्या आत असते. आपण दुधासाठी निवडत निवडत ही मागणी सात-आठ पटींनी वाढवली आहे, आणि अडचण तिथे सुरू होते.

व्यायल्यानंतरचे तीन आठवडे

मोठ्या होल्स्टीन गाईत विण्याआधीच्या तीन आठवड्यांत ग्लुकोजची गरज दिवसाला 1000 ते 1100 ग्रॅम असते. व्यायल्यावर तीन आठवड्यांनी ती अडीच किलोवर जाते. आणि नेमकं विण्याच्या सुमारास खाणं 30 टक्क्यांपर्यंत घटलेलं असतं. दुधाचा कळस पाच ते आठ आठवड्यांत येतो, खाण्याचा कळस दहा ते चौदा आठवड्यांत. मधली तूट अंगातल्या चरबीतून भागवायची.

चरबी वितळून मेदाम्लं यकृतात येतात. त्यांची ग्लुकोजशी अदलाबदल होत नाही. ती एकतर पूर्ण जळतात, किंवा अर्धवट जळून किटोन होतात, किंवा यकृतातच चरबी म्हणून साचतात. पूर्ण जळायला ऑक्झॅलोअ‍ॅसिटेट लागतं आणि यकृत ते ग्लुकोज बनवण्यात खर्च करत असतं. त्यात गाईचं यकृत चरबी बाहेर पाठवण्यात मुळातच मंद. किटोसिसचा पहिला प्रकार लठ्ठ गाईचा. ती व्यायली की पहिल्या पंधरा दिवसांत यकृत चरबीनं भरतं आणि ग्लुकोज बनवण्याची ताकद आणखी घटते. दुसरा प्रकार बेताच्या अंगाच्या, भरपूर दुधाच्या गाईचा. तिला तिसऱ्या ते सहाव्या आठवड्यात नुसता माल कमी पडतो. तिसरा प्रकार बिघडलेल्या मुरघासाचा. नीट न दाबलेल्या, ओलसर मुरघासाला उग्र, ओकारी आणणारा वास येतो तो ब्युटिरिक आम्लाचा, आणि ब्युटिरिक कोटीपोटाच्या भिंतीतच किटोनमध्ये बदलतं. असा मुरघास ताज्या व्यायलेल्या गाईला घालू नये, फेकवत नसेल तर भाकड जनावरांना थोडा थोडा द्यावा, गाभण असतील तर तोही नको.

लक्षणांत सगळ्यात आधी गाय खुराक नाकारते, पण कडबा चघळत राहते. शेण घट्ट, गोळ्यांसारखं, वर चकाकी. दूध उतरतं, अंग झपाट्यानं उतरतं, श्वासाला नेलपॉलिश रिमूव्हरसारखा वास येतो. तो सगळ्यांच्या नाकाला कळत नाही, त्यामुळे वास नाही म्हणून किटोसिस नाही असं मानू नये. काही गायी खांब, गव्हाण, स्वतःचं अंग चाटत सुटतात, हंबरतात, अंगावर येतात. हे दृश्य पिसाळल्यासारखंच दिसतं, म्हणून डॉक्टरांनी रेबीजची शंका फेडेपर्यंत तोंडात हात घालू नये.

पण बहुतेक नुकसान होतं ते लक्षणं न दिसणाऱ्या किटोसिसमध्ये. रक्तातलं ग्लुकोज मोजून ते पकडणं कठीण, कारण शरीर ती पातळी शेवटपर्यंत ओढून धरतं. बीएचबी हा किटोन मोजावा. माणसांसाठीचं किटोन मोजणारं हातातलं यंत्र आणि त्याच्या पट्ट्या गोठ्यात चालतात. लिटरला 1.2 मिलिमोल किंवा जास्त आलं तर सुप्त किटोसिस, 3 च्या वर लक्षणं दिसण्याची पातळी. व्यायल्यावर तिसऱ्या ते चौदाव्या दिवसात दोनदा तपासलं तरी बरंच हाती लागतं. यंत्र नसेल तर रोथेरा चाचणीची भुकटी आहे. चिमूटभर भुकटीवर थेंबभर मूत्र किंवा दूध टाकलं की जांभळा रंग येतो. मूत्राची चाचणी उगाच जास्त घाबरवते, दुधाची थोड्या गायी निसटू देते. आणि फुकटातली चाचणी डेअरीच्या पावतीवर असते. ताज्या व्यायलेल्या होल्स्टीन संकरित गाईची फॅट एकदम पाचच्या वर गेली तर खूश होऊ नका, ती तिच्या पाठीवरची चरबी आहे.

बाटली, गूळ आणि ग्लायकॉल

डेक्स्ट्रोजची 20 टक्क्यांची 500 मिलिलिटरची बाटली म्हणजे 100 ग्रॅम ग्लुकोज. वीस-पंचवीस लिटरच्या गाईचा हा सुमारे तासाभराचा खर्च. 50 टक्क्यांची असेल तर 250 ग्रॅम, अडीच तास. त्यातलंही काही मूत्रावाटे जातं, कारण एकदम चढलेली पातळी मूत्रपिंडाला अडवता येत नाही. बाटलीचा उपयोग आहे. चक्र तोडायला, मेंदूवर परिणाम झालेल्या गाईला सावरायला तिच्यासारखं दुसरं काही नाही. पण ती सावकाश आणि शिरेतच जायला हवी. 50 टक्क्यांचं द्रावण शिरेबाहेर सांडलं तर तिथलं मांस सडतं, आणि कातडीखाली तर ते द्यायचंच नसतं. रोज एक बाटली लावून पाच दिवस बाकी काहीच न करणं हे मात्र पैशाचं पाणी.

बाटलीनंतरचं खरं काम प्रोपिलिन ग्लायकॉलचं. दिवसातून एकदा 300 मिलिलिटर, तीन ते पाच दिवस. त्याचा काही भाग कोटीपोटात प्रोपिओनिक होतो, उरलेला सरळ शोषला जाऊन यकृतात ग्लुकोज होतो. कागदावर 300 ग्रॅमचे साडेतीनशे ग्रॅम ग्लुकोज होतात. आंबोणात कालवण्यापेक्षा एका दमात पाजल्यानं जास्त फायदा, कारण एकदम शोषणामुळे इन्सुलिन वाढून चरबी वितळणं थोपतं. पाजताना नाकपुड्या डोळ्यांच्या रेषेच्या वर नेऊ नयेत, जीभ ओढून धरू नये, नाहीतर द्रव फुप्फुसात जातो आणि किटोसिसऐवजी न्यूमोनिया हाती येतो. दुप्पट डोस दुप्पट काम करत नाही, गाय झिंगल्यासारखी होते. आणि गॅरेजमधलं कूलंट हे ग्लायकॉल नव्हे. त्यात बहुधा एथिलिन ग्लायकॉल असतं, ते विष आहे.

गुळाबद्दल जरा स्पष्ट बोलायला हवं. व्यायलेल्या गाईला बाजरी, मेथ्या, आळीव आणि गूळ घालण्याची पद्धत चांगलीच आहे. पावशेर गुळानं तोंडाला चव येते, पाणी जास्त पितं जनावर. पण गूळ म्हणजे ग्लुकोज, हा समज चुकीचा. कोटीपोटात गेलेला गूळ जिवाणू मिनिटांत खातात आणि साखरेपासून ब्युटिरिक जास्त बनतं, म्हणजे किटोनच्याच बाजूला भर. किटोसिसच्या गाईला किलो-दीड किलो गूळ पाजला तर वर आम्लता होते आणि जे थोडं खात होती तेही सोडते.

बायपास फॅटचंही (कोटीपोटातून न बदलता पुढे जाणाऱ्या चरबीचंही) तसंच. ती ऊर्जा देते, शंभर-दोनशे ग्रॅमनं दुधाच्या भरात अंग टिकायला मदतही होते, पण तिच्यापासून ग्लुकोज बनत नाही. किटोसिसवर उपाय म्हणून विकत घेऊ नये. स्टेरॉइडचं इंजेक्शन डॉक्टर देतात तेव्हा दूध थोडं घटतं. ते कासेची मागणी कमी केल्यानं होतं आणि तोच त्याचा अर्धा उपयोग आहे. शेजारच्या गाभण गाईला मात्र तेच इंजेक्शन गाभडवू शकतं.

टाळायचं असेल तर काम भाकड काळातच होतं. आटवताना गाय जशी अंगाची असेल तशीच व्यावी, एक (हाडकुळी) ते पाच (लठ्ठ) या मोजपट्टीवर 3.25 ते 3.5. चारच्या पुढे गेलेली गाय भाकड काळात बारीक करायला जाऊ नका, चरबी तेव्हाच यकृतात जाईल. विण्याच्या तीन आठवडे आधीपासून खुराक हळूहळू दोन-तीन किलोंवर न्यावा, म्हणजे जिवाणूंची जमात आणि कोटीपोटाच्या आतली लव तयार होते. लव वाढायला चार ते सहा आठवडे लागतात. व्यायल्यावर एक-दोन दिवसांआड अर्धा किलो वाढ, एका वेळी अडीच किलोंहून जास्त नको, आणि कोरड्या वजनावर खुराक एकूण आहाराच्या निम्म्याच्या फार वर जाऊ नये. त्यापुढे कोटीपोटाचा सामू 5.5 च्या खाली उतरतो, गाय खाणं कमी करते आणि जे प्रोपिओनिक मिळवायला निघालो तेच हातचं जातं. खाण्याचा सोडा रोज 100 ते 150 ग्रॅम आधार देतो, पण लांब कुट्टीमुळे होणाऱ्या रवंथाची जागा तो घेऊ शकत नाही. रवंथाबरोबर येणारी लाळ हाच मुख्य सोडा.

ग्लुकोजचे आणखी दोन भागीदार हिशोबात धरावे लागतात. रोगप्रतिकारक पेशी चेतल्या की त्या जवळजवळ ग्लुकोजवरच चालतात. प्रयोगात जोरदार चेतवलेल्या यंत्रणेनं बारा तासांत किलोभराहून जास्त ग्लुकोज खाल्लेलं आढळलं आहे. गर्भाशयाचा दाह किंवा कासदाह झालेल्या गाईचं दूध उतरतं त्यात याचा वाटा मोठा. आणि उन्हाळा. एप्रिल-मे मध्ये दूध घटतं ते गाय कमी खाते म्हणून, हे अर्धंच खरं. उष्णतेच्या ताणात इन्सुलिन उलट वाढतं, चरबी वितळत नाही, बाकी शरीर ग्लुकोज वापरू लागतं आणि कासेला कमी उरतं. त्यामुळे नुसता खुराक वाढवून मराठवाड्याच्या उन्हात लिटर परत येत नाहीत. आधी सावली, पंखा, अंगावर पाणी.

वासराचं सगळं वेगळं. त्याचं कोटीपोट जन्मतः निद्रिस्त, दूध अन्ननलिकेच्या घडीतून सरळ खऱ्या पोटात जातं, लॅक्टोज आतड्यात फुटून ग्लुकोज रक्तात येतं. त्यामुळे रक्तातली पातळी मोठ्या गाईपेक्षा बरीच जास्त, कोटीपोट चालू होईल तशी ती उतरते. हगवण लागलेल्या वासराला साखरेचं किंवा गुळाचं पाणी पाजू नये. साखर फोडणारं विकर त्याच्या आतड्यात नसतं, न पचलेली साखर आतड्यात पाणी ओढते आणि हगवण वाढते. ग्लुकोज असलेली क्षार-पावडर घ्यावी, पाकिटावर घटक वाचून. तिथे सुक्रोज लिहिलेलं असेल तर ते पाकीट दुकानातच ठेवावं.